मुठीला टाकी

ग्लेंडा स्टॅम्परच्या वर्दीची बटणं सकाळी तिचा नवरा लावून देतो, हे सबंध रेड फोर्क काउंटीत कोणाला ठाऊक नव्हतं. कळू द्यायचंच नव्हतं. वेंडेल स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायचा, ती त्याच्यापुढे उभी राहायची. तो खालून वर एकेक बटण लावत यायचा, मध्येच दम लागला की थांबायचा. मग म्हणायचा, "झालं. जा आता, चोर पकड."

वेंडेल खाणीत मशिनं दुरुस्त करायचा. सत्तावीस वर्षांची कोळशाची धूळ छातीत घेऊन तो घरी बसला, नाकात नळी आणि शेजारी चाकांवरची ऑक्सिजनची टाकी. त्याच्या फुप्फुसांचा खर्च खाणीच्या नुकसानभरपाईतून भागायचा. बाकी सगळा दवाखाना ग्लेंडाच्या नोकरीच्या विम्यावर.

आणि ती नोकरी काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, शेरीफच्या, हाताखालच्या डेप्युटीची. डोंगरातल्या वस्त्यांवर एकटीनं गाडी घेऊन फिरायचं, हाक आली तिथं पोचायचं. सोळा वर्षांत तिनं माणसावर एकही गोळी झाडली नव्हती. तिचं नाव होतं ते बोलण्याबद्दल. दारू पिऊन घरातली भांडी फोडणारा आडदांड गडी असला, तर ती दारातूनच म्हणायची, "बूट घाल रे ड्वेन, बाहेर चिखल आहे. अनवाणी बसवलं तर माझी गाडी घाण होईल." आणि ड्वेन बूट शोधायला लागायचा.

मग तिला आतड्याचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, केमोचे बारा डोस झाले. फेब्रुवारीत डॉक्टरीणबाई म्हणाली, आता काही दिसत नाही, जूनमध्ये परत स्कॅन करू, मग दर सहा महिन्यांनी. आजार गेला, पण जाताना तिच्या बोटांची जाण घेऊन गेला. दहाच्या दहा टोकं मेल्यासारखी. खिशात हात घातला तर किल्ली कोणती आणि नाणं कोणतं ते कळेना. कपातला चहा गरम की गार, ते ओठाला लावल्यावर कळायचं.

"केमोनं दुखावलेल्या नसा आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाली. "सावकाश परततात. वर्षभर लागेल."

"आणि नाही परतल्या तर?"

"कधी कधी नाही परतत."

कचेरीतल्या तपासणीच्या कागदावर हातांबद्दल प्रश्न होता. ग्लेंडानं लिहिलं, उत्तम.

एप्रिलमध्ये ती कामावर आली, पण रस्त्यावर जाण्याआधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागे. ती सगळ्यांनाच दर वर्षी द्यावी लागे. पन्नास गोळ्या, त्यातल्या चाळीस पुठ्ठ्याच्या माणसात लागल्या पाहिजेत. ग्लेंडाचे कधी सेहेचाळिसाखाली आले नव्हते. परीक्षा घेणारा सार्जंट डॉयल कॉम्ब्स तिच्याच बरोबरीनं नोकरीला लागलेला. तो खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, "लवकर आटप गं, मला जेवायला जायचंय."

पहिल्या पाच गोळ्यांतच तिला कळलं. पिस्तुलाची प्लॅस्टिकची गुळगुळीत मूठ दर गोळीच्या धक्क्यानं हातात फिरत होती, ओल्या साबणासारखी. आपण किती घट्ट धरलंय हेच कळत नव्हतं. जास्त आवळलं की हात थरथरे, सैल सोडलं की नळी वर जाई. मोजले तेव्हा एकतीस निघाले.

डॉयलनं पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. जेवणाचं विसरला तो.

"ग्लेंडा, हे काय?"

"सहा महिने हातात धरलं नव्हतं. सवय गेली."

"दोन आठवड्यांनी परत घेतो. नियमच आहे तसा, दुसरी संधी." त्यानं आवाज खाली आणला. "तिसरी नसते, माहिताय ना? मग साहेबांना तुझं नाव काढावं लागेल. त्यांच्या हातात काही नाही."

नाव काढलं की पगार बंद, आणि महिनाअखेर विमाही बंद. जूनचा स्कॅन आहे तिथंच राहणार. घरी येताना ग्लेंडानं गाडी दोनदा कडेला घेतली आणि दोन्ही वेळा ती नुसतीच बसून राहिली.

वेंडेलला सांगितलं तेव्हा त्यानं टाकी ओढत मेजापाशी आणली. मग म्हणाला, "पिस्तूल आण."

ते पिस्तूल तिचं स्वतःचं होतं. इथं ज्याचं त्यानं विकत घ्यायचं असतं. आतल्या यंत्राला हात लावायचा नाही, मुठीला काय वाटेल ते करा, असा कचेरीचा नियम. वेंडेलनं ते रिकामं केलं, दोनदा पाहिलं, वरचा लोखंडी भाग काढून ठेवला. हातात राहिला तो काळ्या प्लॅस्टिकचा सांगाडा. त्यानं मुठीवरून अंगठा फिरवला.

"टाकी लावायला पाहिजे याला," तो म्हणाला.

जात्याचा दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावतात, तसंच हे काम. फक्त छिन्नीऐवजी सोल्डरिंगची तापलेली कांब घ्यायची, आणि तिच्या टोकानं मुठीवर शेजारी शेजारी हजारो टिंबं टोचायची. प्लॅस्टिक वितळून वर येतं आणि खरखरीत होतं. मग मूठ घामेजल्या हातातही हलत नाही. खाण सुटल्यावर, ऑक्सिजन लागायच्या आधीची चार वर्षं, वेंडेलनं घरामागच्या खोपटात हेच काम केलं होतं. निम्म्या कचेरीच्या मुठी त्याच्या हातच्या. ग्लेंडाच तेवढी म्हणायची, मला नको, हाताला टोचतं.

"मग तू करून दे," ती म्हणाली.

वेंडेलनं नाकातल्या नळीकडे बोट दाखवलं. "ही घेऊन तापल्या कांबेजवळ बसू? घरासकट उडायचंय का?"

"मग?"

"मग काय. तू करायचंस. मी बाहेरून सांगतो."

"वेंडेल, मला बटण लावता येत नाही."

"बटण कधी डोळ्यांनी लावलंस? हे डोळ्यांनी करायचं."

पाच दिवस तिनं सराव केला. जुन्या हत्यारपेटीचं झाकण, फुटकी बादली, जे प्लॅस्टिक सापडेल त्यावर. ती खोपटात पंखा लावून, तोंडाला धूर गाळायचा मास्क बांधून बसायची. वेंडेल वीस पावलांवर अक्रोडाच्या झाडाखाली टाकी शेजारी घेऊन बसायचा आणि दारातून ओरडायचा. ओरडणं म्हणजे चार शब्द आणि मग खोकला.

"ओढू नको! टोच आणि उचल!"

"उचलतेच आहे!"

"तो धूर काय सांगतोय मग? माशाला धुरी देतेस का?"

झाकणावर आधी नुसते चरे पडले, मग खड्डे, मग हळूहळू टिंबांसारखी टिंबं उमटायला लागली. बादलीचा एक चौकोन तर बरा जमला. वेंडेलनं तो उन्हात धरून तिरपा केला आणि म्हणाला, "आंधळ्या कोंबडीनं दाणे टिपल्यासारखं आहे. पण चालेल."

शनिवारी दुपारी तिनं खरी मूठ घेतली. कडांना चिकटपट्टी लावून हद्द आखली. हे काम परत पुसता येत नाही, एकदा वितळलं ते वितळलं. आणि दुसरं पिस्तूल आणण्याची ऐपत त्या घरात नव्हती. डाव्या हातात सांगाडा आणि उजव्यात कांब धरून तिनं एकेक टिंब मनात म्हणत टोचलं. टोच, उचल. टोच, उचल. डावी बाजू झाली, मागची झाली. मान आखडली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मूठ चांगली दिसत होती. पहिल्यांदाच तिला वाटलं, होईल.

उजवी बाजू अर्धी झाली तेव्हा वास आला. प्लॅस्टिकचा नव्हे. डुकराचे केस जाळतात तसा. तिनं पंख्याकडे पाहिलं, पंखा चालू होता. मेजावर चिंधी पडलीय का पाहिलं. मग खाली बघितलं, तर कांबेचा तापलेला दांडा तिच्या डाव्या तर्जनीला टेकलेला. तिथून धुराची बारीक रेघ वर चालली होती.

तिला काहीही जाणवत नव्हतं.

तिनं कांब बाजूला केली, बोट डोळ्यांसमोर धरलं. पांढरं पडलेलं कातडं, मध्ये तपकिरी खळगा. दुसऱ्या कोणाचं बोट बघावं तसं ती ते बघत राहिली. आणि मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो ऑपरेशनच्या वेळी निघाला नव्हता, केमोच्या उलट्यांतही निघाला नव्हता.

वेंडेलनं नळी नाकातून उपसली, टाकी झाडाखाली सोडली आणि तो धावत आला. म्हणजे त्याच्या हिशेबानं धावत. दारात पोचेपर्यंत त्याचे ओठ निळे पडले होते.

"दाखव. दाखव मला."

"मला कळलंच नाही, वेंडेल. हाड दिसेपर्यंत कळलं नसतं."

त्यानं तिचं बोट पाहिलं. मग तिला खुर्चीवरून बाजूला सारून तो स्वतः बसला आणि कांब उचलली.

"काय करतोस? तुला श्वास नाही!"

"दहा मिनिटं... पुरेल. अर्धीच राहिलीय." टोच, उचल. त्याचा हात अजून तसाच होता, एका ओळीत टिंबं पडत होती. पण छाती भात्यासारखी वाजत होती. दहाव्याबाराव्या टिंबाला कांब घसरली आणि मुठीवर बोटभर चरा उमटला.

ग्लेंडानं कांबेची वायर भिंतीतून उपटली. त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढतच झाडाखाली नेलं, नळी नाकात घातली. ती नळी नीट बसली की नाही हे तिच्या बोटांना कळेना. तिनं वाकून डोळ्यांनी पाहिलं आणि मग त्याच्या छातीवर डोकं टेकून गवतातच बसली.

"खराब केली मी," दम परत आल्यावर तो म्हणाला.

"मेला असतास ना."

"मग निदान तुला एकटीचंच बघावं लागलं असतं."

"तोंड बंद कर," ती म्हणाली आणि रडली.

रविवारी चर्चला न जाता तिनं उरलेली बाजू केली. बोटाला पट्टी, हातात कातडी मोजा, डोळे कांबेच्या दांड्यावर. चऱ्याच्या दोन्ही बाजूंनी टिंबं भरत नेली. मूठ दिसायला भयंकर झाली, पण मुठीत धरली की खरखर तळव्यात रुतायची. तळव्याला अजून जाण होती, बोटांची टोकंच काय ती गेलेली. त्या दिवशी तिला सात महिन्यांत पहिल्यांदा, आपण हातात काय धरलंय ते कळलं.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी डॉयल खुर्चीवर बसला नाही. तिच्या मुठीकडे पाहून म्हणाला, "कोणी केली ही? गोगलगायींनी खाल्लीय का?"

"मी केली."

"बोटाला काय झालं?"

"मक्याच्या पावाचा तवा."

पिस्तूल हातात फिरलं नाही. धक्का बसे आणि मूठ तळव्यात होती तिथंच राही. मोजले तेव्हा त्रेचाळीस निघाले. डॉयलनं दोनदा मोजले आणि दुसऱ्यांदा मोजताना तो हसत होता. तिनं गाडीतूनच वेंडेलला फोन लावला. त्या संध्याकाळी त्यानं स्वतः बीन्स शिजवल्या, खारवलेलं डुकराचं मांस घालून. दोघांनी पातेलं पुसून खाल्लं.

त्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, म्हाताऱ्या एल्वा फ्यूगेटच्या घरून हाक आली. पाण्याचं मीटर वाचायला गेलेला माणूस तिथल्या अंगणात हात वर करून उभा होता आणि एल्वा ओसरीवरून त्याच्यावर खारी मारायची रायफल रोखून उभी होती. एल्वा त्र्याऐंशी वर्षांची. हल्ली तिला माणसं ओळखू येत नसत. ग्लेंडा लहान असल्यापासून तिला मावशी म्हणायची.

ग्लेंडानं गाडी आडवी लावली, बॉनेटच्या आड उभी राहिली आणि पिस्तूल काढलं. मूठ तळव्यात घट्ट बसली.

"एल्वामावशी, मी ग्लेंडा. हेझेलची मुलगी."

"हेझेलची मुलगी एवढीशी आहे," एल्वा म्हणाली आणि रायफलीनंच उंची दाखवली. मीटरवाला मटकन खाली बसला.

"वाढले की मी. तुम्हीच खाऊ घालून वाढवलंत. मावशी, या माणसानं काय केलं?"

"माझ्या कोंबड्या मोजतोय. कालही आला होता."

"त्याला मोजता कुठं येतंय? तोंड बघा त्याचं. दहाच्या पुढं गेला तर बूट काढावे लागतील त्याला."

एल्वा हसली, पण रायफल खाली आली नाही. ती वळून गाडीकडे झाली, थेट ग्लेंडाच्या छातीवर. ग्लेंडा बोलत राहिली. कोंबड्यांवरून अंड्यांवर, अंड्यांवरून एल्वाच्या वारलेल्या नवऱ्यावर, त्याला अर्धवट उकडलेलं अंडं आवडायचं त्यावर. पिस्तूल म्हातारीवर रोखलेलं होतं आणि तोंडानं गप्पा चालल्या होत्या. दहा मिनिटं गेली असतील.

"हात दुखायला लागले गं माझे," एल्वा म्हणाली.

"मग ठेवा ना ती खाली. मी येते, कॉफी करू."

एल्वानं रायफल झोपाळ्यावर ठेवली आणि दोन्ही दंड चोळायला लागली.

ग्लेंडानं पिस्तूल म्यानात ठेवायला खाली पाहिलं. सोळा वर्षांची सवय अशी, की रोखताना तर्जनी बाहेर, सांगाड्याला लागून सरळ राहते. झाडायचं ठरलं तरच आत जाते. तिला वाटत होतं, ती सरळच आहे. ती आत होती. चापावर होती, आणि चाप थोडा दाबला गेलेला होता. म्हातारी हसली तेव्हा, रायफल वळली तेव्हा, अंड्यांचं बोलणं चाललं होतं तेव्हा, सगळा वेळ.

तिनं उजव्या हाताचं बोट डाव्या हातानं धरून बाहेर काढलं. पिस्तूल गाडीच्या सीटवर ठेवलं. मग ओसरीवर गेली, रायफल उचलून रिकामी केली, आत एक गोळी होती. एल्वाला आत बसवून तिनं कॉफी केली. किटलीची मूठ दोन्ही तळव्यांत धरून.

दुपारी ती शेरीफ नेपिअरच्या खोलीत उभी होती. डॉयलही तिथंच होता. तिनं सगळं सांगितलं, तपासणीचा खोटा कागदही सांगितला.

शेरीफनं टोपी काढून मेजावर ठेवली. "कोणी पाहिलं?"

"मी."

"दुसरं कोणी?"

"नाही, साहेब."

"गोळी सुटली का?"

"नाही."

"मग ग्लेंडा, घरी जा. म्हातारीला ओरखडा न येता तू शांत केलंस. दुसरा कोणी गेला असता तर आज तिचं प्रेत आलं असतं. माझ्याकडे माणसं किती उरलीत, तुला माहिताय."

डॉयल म्हणाला, "तुझे त्रेचाळीस आहेत. कागदावर आहेत. मी सही केलीय."

तिला वाटलं होतं, हे लोक आपल्याला काढतील आणि आपण भीक मागू. ते तिला ठेवून घ्यायला बघत होते. इतकं सोपं होतं, नुसतं बरं म्हणायचं. जूनचा स्कॅन, डिसेंबरचा स्कॅन, सगळं त्या एका शब्दात होतं.

"ती मूठ मला हातात कळते," ती म्हणाली. "म्हणून मला वाटलं, सगळंच कळतंय. साहेब, चाप मला कळत नाही. पुढच्या वेळी मी मारीन कोणाला तरी, आणि आवाज आल्यावर मला समजेल." तिनं छातीवरचा बिल्ला काढायला हात नेला. पिन उघडेना. बोटं नुसती घसरत राहिली. शेवटी डॉयलनं पुढे होऊन ती उघडली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

वेंडेल दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा स्फोट झाला. "एल्वा फ्यूगेट त्र्याऐंशी वर्षांची आहे! तू बावन्नची! हिशेब येतो का तुला?" एवढं बोलून त्याला असा खोकला आला की तिला टाकीचा जोर वाढवावा लागला. खोकला थांबल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "मला राग तुझा नाही गं. तू खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं, असं मला वाटतंय. त्याचा राग आहे."

विमा मेअखेर संपत होता. ग्लेंडानं हॉस्पिटलात फोनवर फोन केले. ती रोज वेळा देणाऱ्या त्याच बाईशी बोलली, तिच्या मुलांची नावं पाठ होईपर्यंत. शेवटी त्या बाईनं एकोणतीस मेची एक रद्द झालेली वेळ तिला दिली. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, पुढचा नोव्हेंबरमध्ये. ग्लेंडानं मान डोलावली. नोव्हेंबरचा खर्च कशातून करायचा, ते तिला विचारलं नाही.

उन्हाळाभर ती मिळेल तिथं विचारत फिरली. किराणा दुकानात नोटा वेगळ्या करता येईनात. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं स्वतःच नको म्हटलं, तिथं सगळं तापलेलं. पिस्तूल विकायला काढलं, पण मूठ अशी बिघडलेली म्हणून कोणी घेईना, मग ते तिनं डॉयलच्या हवाली केलं. पोटात जरा दुखलं तरी ती कुशीवर वळून गप्प पडायची, आणि वेंडेलला कळायचं, आणि तो काही विचारायचा नाही.

ऑक्टोबरात शेजारच्या काउंटीत, चाळीस मैलांवर, हाक घेणाऱ्या खोलीत एक जागा निघाली. लोक अडचणीत फोन करतात तो उचलायचा, त्यांना बोलण्यात धरून ठेवायचं, गाडी पाठवायची. टायपिंगची परीक्षा होती. ग्लेंडानं दोन बोटांनी, कळांकडे बघत टाइप केलं आणि ती सगळ्यांत शेवटी आली. पण तिथल्या मुख्य बाईनं मग तिच्या कानाला फोन लावला आणि खोटी हाक देऊन पाहिली, बुडणाऱ्या पोराच्या आईची. तीन मिनिटांनी ती बाई डोळे पुसत म्हणाली, "सोमवारी या. टायपिंगचं बघू."

विमा नव्वद दिवसांनी सुरू होणार होता, म्हणजे जानेवारीत. नोव्हेंबरचा स्कॅन हुकला. थंडी पडली तशी बोटांच्या टोकांना सुया टोचल्यासारख्या कळा येऊ लागल्या. हे परतणं आहे की दुसरं काही, ते तपासल्याशिवाय डॉक्टरीणबाई सांगेना. ग्लेंडा पहाटे चाळीस मैल गाडी हाकत जायची, कानाला फोन लावून बसायची आणि म्हणायची, "मी आहे. तुम्ही कुठं आहात ते सांगा." जानेवारी यायला अजून सात आठवडे होते.